काविळीची माळ

"मान खाली घाल," आत्या म्हणाली.

मी घातली. त्या दिवसांत कुणी काहीही सांगितलं तरी मी करत असे. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तो माझ्यात नव्हता. आत्यानं पिशवीतून ओल्या काड्यांची एक माळ काढली आणि माझ्या डोक्यात बसवली.

"पण आत्या, मला कावीळ झालेलीच नाही."

"ते मला माहीत आहे. मी काय परगावी होते? पण लोकांना दिसायला नको का? आणि घातली म्हणून बिघडतंय काय. असली तर उतरेल, नसली तर येणार नाही."

आमच्या आत्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अख्ख्या तालुक्यात मला तरी माहीत नाही.

काविळीची माळ तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. कसल्याशा झुडपाच्या बोटाच्या पेराएवढ्या काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवतात. सुरुवातीला ती डोक्यावर घट्ट बसते. मग काड्या वाळतात, गाठी ढिल्या पडतात आणि माळ लांबत लांबत गळ्यात उतरते, मग छातीवर, मग पोटावर. जितकी माळ लांबेल तितकी कावीळ अंगातून गेली, असा हिशोब. ती नुसती खुंटीला टांगली तरी लांबेल, पण हे कुणी कधी करून पाहिलेलं नाही.

"तुझ्या आईची तर गुडघ्यापर्यंत आली होती," आत्या म्हणाली. "तू झालीस तेव्हा. आठवतंय ना वहिनी?"

आई दुधी किसत होती. ती किसत राहिली.

मी तेव्हा नववीत होते. दिवाळीची सुट्टी संपली आणि मला शाळेत जावंसं वाटेना. मग जेवावंसं वाटेना, मग झोप येईना. सगळे म्हणाले, वयच असं असतं. चाचणीच्या पेपरला मी वर नाव लिहिलं आणि वेळ संपेपर्यंत त्या नावाकडं बघत बसले. आणि एका सकाळी न्हाणीघरात गेले ती बाहेरच आले नाही. बाबांनी कडी तोडली तेव्हा मी कपड्यांसकट नळाखाली बसले होते. मी त्यांना म्हटलं, मला हे जगणं नको झालंय. अगदी साध्या आवाजात म्हटलं, दुधी नको झालाय म्हणावं तसं. बाबा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. दिवसभर ट्रॅक्टरवाल्यांशी भांडण्यात हयात गेलेला माणूस, त्या दिवशी पोरासारखा रडला.

मिरजेला न्यायला जीप आली तेव्हा समोरच्या शिंगारेकाकू लगबगीनं फाटकाशी आल्या. "काय झालं हो पोरीला?"

बाबा जीपचं दार धरून नुसतेच उभे. आत्याचं तोंड उघडं, पण तिलाही काही सुचेना, म्हणजे बघा.

"कावीळ," आई म्हणाली.

तिला विचार करावा लागला नाही. शब्द जिभेवर तयार होता. मला त्या अवस्थेतही वाटलं, आईला खोटं बोलता येतं हे आपल्याला माहीतच नव्हतं.

मिरजेच्या डॉक्टर रेगेबाई भल्या होत्या. त्यांनी मला काही आठवडे ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या, बोलतं केलं. सोडताना म्हणाल्या, "आता शाळेत जायचं. घरात बसून हे बरं होत नाही. पण एक कर. शाळेत असं एक माणूस बघ, ज्याच्याशी तुला खोटं बोलावं लागणार नाही. एक पुरे."

"आहे," मी म्हटलं. "मनी आहे."

मनी म्हणजे मनीषा लोहार. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. तिची आई शाळेच्या फाटकाशी आवळे, चिंचा, बोरं आणि तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी विकायची. मनीला मी सगळं सांगणार होते, आणि ती आधी "खुळी आहेस का" म्हणणार आणि मग अर्धा आवळा मला देणार, हे मला माहीत होतं. सगळ्या परतीचा भरवसा त्या अर्ध्या आवळ्यावर होता.

पण गावाला आले तर कावीळ माझ्या आधी पोचलेली.

कावीळ हा फार सोयीचा आजार आहे. त्यात लाज नाही, आणि औषध प्रत्येकाला ठाऊक. जो येई तो माझी खालची पापणी ओढून बघे आणि म्हणे, "अजून पिवळं आहे." कारखान्यावरून बाबांच्या मित्रांनी उसाच्या रसाच्या किटल्या पाठवल्या. तो रस मी इतका प्यायले की आजही गुऱ्हाळ दिसलं तर मी रस्ता बदलते. तेल बंद, तिखट बंद, आणि हळद पिवळी म्हणून हळदही बंद. मला एकटीला वेगळं केलं असतं तरी चाललं असतं, पण शिंगारेकाकू नेमक्या जेवणाच्या वेळी साखर मागायला यायच्या आणि सगळ्यांच्या ताटांत डोकवून "पोरीसमोर तिखट नको हं" म्हणायच्या. त्यामुळं अख्खं घर पांढरा दुधी खाऊ लागलं. आमच्या स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

शाळेत गेले तेव्हा माळ गळ्यात उतरली होती. फाटकाशी मनीच्या आईची जागा मोकळी. तिथं नवा फलक, "शाळेसमोर उघड्यावरील खाद्यपदार्थ विकण्यास सक्त मनाई". आत भिंतीवर हिरव्या रंगात, "पाणी प्या उकळून, कावीळ जाईल पळून". आणि प्रत्येक पोराच्या खांद्याला दप्तरापेक्षा मोठी पाण्याची बाटली.

आमच्या वर्गशिक्षिका तांबोळी मॅडम मला बघून गहिवरल्या. "तुझ्या आजारपणाचं शाळेनं किती मनावर घेतलंय बघ," म्हणाल्या. घेतलं होतंच. हेडमास्तर बाबर सरांनी पाण्याची टाकी रिकामी करून घासून घेतली, नळाला कुलूप लावलं, टाकी न धुतल्याबद्दल शिपायाला मेमो दिला. मग पाणी तपासायला पाठवलं. ते स्वच्छ निघालं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, चला, बरं झालं. बाबर सर म्हणाले, पाणी स्वच्छ, याचा अर्थ दोष फाटकाबाहेरचा. दुसऱ्याच दिवशी मनीच्या आईला टोपलीसकट उठवण्यात आलं.

मला पहिल्या बाकावर एकटीला बसवलं. "संसर्ग," बाबर सर वर्गाला म्हणाले, "हा डोळ्यांनी दिसत नाही." सगळ्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं.

मधल्या सुट्टीत मी मनीला गाठलं. ती बाटलीचं झाकण उघडत होती आणि लावत होती.

"मनी."

"बरं वाटतंय का आता?" तिनं बाबर सरांना विचारावं तसं विचारलं.

"मनी, काय झालं?"

"काय व्हायचंय. माझ्या आईच्या आवळ्यानं तुला कावीळ झाली. आता ती एसटी स्टँडाच्या मागं बसती. तिथं कुत्रं फिरकत न्हाई."

"मी असं कुठं म्हटलं?"

"तू म्हटली न्हाईस. पण तसं न्हाई, असं तरी कुठं म्हटलीस?"

एवढं बोलून ती गेली. मी तोंड उघडलं होतं, पण आजूबाजूला पोरी होत्या आणि कानात आत्या होती.

संध्याकाळी मी आईला विचारलं, "मनीला सांगू का खरं?"

उत्तर आत्यानं दिलं. "एकीला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. एकदा डोक्याचा दवाखाना म्हटलं की संपलं. उद्या स्थळं बघायची झाली तर?"

"मी नववीत आहे आत्या."

"वर्षं काय, बघता बघता जातात."

मी आईकडं बघितलं. तिनं माझ्या गळ्यातली माळ नीट केली. "थोडे दिवस कावीळच असू दे," ती म्हणाली.

असू दिली. आणि मग हळूहळू पूर्वीचं सगळं परत यायला लागलं. सकाळी दप्तर भरून मी पलंगावर बसायचे आणि उठताच यायचं नाही. गणिताच्या वहीत पानाच्या वर नाव लिहायचं आणि खाली काहीच नाही. अख्खी शाळा माझ्याशी गोड बोलत होती, आणि त्यातलं एक अक्षर माझ्याशी नव्हतं, ते सगळं त्या काविळीच्या पोरीशी होतं. मला भीती वाटायला लागली. मनीशिवाय मी या शाळेत टिकणार नव्हते, आणि शाळेत टिकले नाही की पुन्हा ते न्हाणीघर. हे मला कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

माळ मात्र जोरात उतरत होती. "बघ," आत्या म्हणाली, "पोटापर्यंत आली. म्हणजे होतीच." स्वतःच पसरवलेल्या थापेवर तिचा तोवर पूर्ण विश्वास बसला होता.

मग बाबर सरांनी 'कावीळ प्रतिबंधक सप्ताह' काढला. आमच्या शाळेत काहीही झालं की सप्ताह निघे. मला ऑफिसात बोलावून ते म्हणाले, "अनुजा, समारोपाला तुझा सत्कार. शाल, श्रीफळ. आणि तू बोलायचंस. विषय, 'कावीळ आणि मी'."

"सर, मला नाही जमणार."

"तू आमचा जिवंत दाखला आहेस. तुला बघून पोरं हात धुतील."

भाषण तांबोळी मॅडमनी लिहून दिलं. त्यात मी पाणी न उकळता प्यायले होते, उघड्यावरचे आवळे खाल्ले होते, मला त्याचा पश्चात्ताप झाला होता, आणि शेवटी दोन ओळींची कविताही होती. आवळ्यांचं वाक्य वाचून मी म्हटलं, "मॅडम, हे नको." त्या म्हणाल्या, "अगं, ते सरांनी घालायला सांगितलंय."

समारोपाच्या दिवशी पटांगणात मांडव. प्रमुख पाहुणे पंचायत समितीच्या सभापतींचे बंधू, कारण सभापतींना सवड नव्हती. त्यांनी बराच वेळ भाषण केलं. त्यात कावीळ सुरुवातीला एकदा आली, बाकी सगळा रस्ता आणि पुलाचा निधी. मग बाबर सरांनी माझं नाव पुकारलं. पाहुण्यांनी खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. एका हातात नारळ, एका हातात भाषण, पोटावर माळ. अशी मी माइकसमोर उभी राहिले.

नववीच्या रांगेत मनी बसली होती. माझ्याकडं बघत नव्हती, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"सन्माननीय व्यासपीठ," मी सुरुवात केली. पुढचं वाक्य आवळ्यांचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना. मला एवढंच कळत होतं की हे वाक्य मी वाचलं तर मनी पुन्हा कधीच वर बघणार नाही.

"मला कावीळ झाली नव्हती," मी म्हटलं.

मनीनं वर बघितलं.

"शाळेच्या पाण्यानं मला काही झालं नाही. लोहारमावशींच्या आवळ्यानं काही झालं नाही. मला मिरजेला मनाच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मला जगावंसं वाटत नव्हतं. आता वाटतं. रोज वाटत नाही, पण वाटतं. मला इथं बसून शिकायचंय आणि मला माझा जुना बाक पाहिजे."

सभापतींच्या बंधूंनी बाबर सरांकडं बघितलं. आता आमचे बाबर सर म्हणजे तीस वर्षं माइकवर काढलेला माणूस. ते शांतपणे उठले आणि माझ्या हातातून माइक घेतला.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "ऐकलंत? हेच मी आठवडाभर सांगतोय. कावीळ अंगावर काढली की ती मेंदूत जाते, आणि मग चांगल्या हुशार मुलांचं असं होतं. तरीही ही धाडसी मुलगी आज आपल्यासमोर उभी आहे. जोरदार टाळ्या."

टाळ्या जोरदार पडल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलले, आणि त्याच्यामुळं माझी कावीळ वाढली. मला रडू यायला हवं होतं, पण हसू यायला लागलं, नारळ धरून मी व्यासपीठावर हसत सुटले. तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली.

मांडवामागं मनी उभी होती.

"तुला येड लागलं होतं व्हय?"

"थोडंसं."

"आणि आवळ्यानं न्हाई?"

"नाही."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं? खुळी आहेस का?"

"आहे ना. तेच तर सांगतेय."

मनी हसली नाही. तिनं माझ्या हातातला नारळ घेतला. "चल, आईला येऊन सांग. तिच्या तोंडावर सांग."

एसटी स्टँडामागं मनीची आई टोपलीवर ओलं फडकं टाकून बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं डोकं बिघडलं ते तुझं. मला फाटकाशी परत कोण बसवणार? त्या तुझ्या सरांना विचार." ती चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. मी निघाले तर मागून म्हणाली, "ए, नुसतीच काय चाललीस," आणि एक आवळा हातावर ठेवला. मनीनं तो दाताखाली फोडून अर्धा मला दिला.

परत शाळेत गेले तर दहावीची एक पोरगी नळापाशी माझी वाट बघत होती. नळाला कुलूप होतं, म्हणजे पाण्यासाठी नक्कीच आली नव्हती. इकडंतिकडं बघून ती हळूच म्हणाली, "मला पण कावीळ झालीय वाटतं."

"खरी?"

"नाही. तुझ्यासारखी."

मी तिला रेगेबाईंचं नाव सांगितलं. मनीनं तेवढ्यात माझं दप्तर पहिल्या बाकावरून उचललं आणि आमच्या बाकावर आणून आपटलं. तांबोळी मॅडम वर्गात आल्या, त्यांनी बघितलं, संसर्गाचा शब्दही काढला नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्या स्वतः स्टँडामागून मनीच्या आईला घेऊन आल्या आणि फलकाखाली उभ्या राहून सगळ्यांदेखत चिंचा खाल्ल्या. बाबर सरांनी खिडकीतून ते पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

पण तो दुसरा दिवस. समारोपाच्या दिवशी मी घरी पोचायच्या आत माझं भाषण घरी पोचलं होतं. आत्या डोक्याला हात लावून बसली होती. "सगळं मुसळ केरात गेलं," ती म्हणाली. "एवढं निस्तरलं होतं, तर पोरीनं माइकवर जाऊन सांगितलं. आता सांगा, कोण करून घेणार हिला?"

"आधी जगू दे तिला," बाबा म्हणाले. ते आत्यापुढं बोलले हे आम्हा सगळ्यांना नवीनच होतं.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी भीत भीत मागोमाग गेले. मला वाटलं, आता रडेल. तिनं फळीवरची कढई काढली, धूळ पुसली, गॅसवर ठेवली आणि बरणी कलती करून चांगलं वाटीभर तेल ओतलं.

"कांदा चीर," ती म्हणाली. "उभा चीर."

मी माळ काढून खुंटीला लावली आणि कांदा घेतला. तिनं बेसन कालवलं, तिखट घातलं, आणि मिसळणाच्या डब्यातून हळद घेतली, नेहमीच्या दुप्पट. मग शिंगारेकाकूंच्या बाजूची खिडकी सताड उघडली. पहिली भजी पडली आणि किती दिवसांनी आमच्या घरात तो चर्र आवाज झाला.

"आई, तू रागावलीस?"

"नाही."

"आई, मी झाले तेव्हा तुला खरंच कावीळ झाली होती?"

तिनं झाऱ्यानं भजी उलटली. एकेक करून सगळी उलटली.

"तुला जवळ घ्यावंसं वाटायचं नाही मला," ती म्हणाली. "तू रडायचीस आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायचे. का ते मला कळायचं नाही. तुझ्या आजीनं सगळ्यांना सांगितलं, कावीळ आहे. माळ घातली."

"मग?"

"मग गुडघ्यापर्यंत आली. सगळे म्हणाले, उतरली. मी पण म्हटलं, उतरली." तिनं पदरानं डोळे पुसले. "मला कुणी मिरजेला नेलं नाही गं."

मी तिला मागून मिठी मारली. तेल उडेल म्हणून ती मला कोपरानं ढकलत होती, पण तशी जोरानं ढकलत नव्हती.

तेवढ्यात खिडकीत शिंगारेकाकूंचा चेहरा उगवला. हातात साखरेची वाटी होती.

"भजी का वहिनी? तेलकट चालतं का पोरीला काविळीत?"

आईनं एक भजं काढलं, फुंकर घालून माझ्या हातावर ठेवलं आणि खिडकीकडं वळली.

"चालतं," ती म्हणाली. "तिला कावीळ नव्हती. मला पण नव्हती."